तिकडच्या कागदावरची बायको

माझा भाई इंग्लंडात लेस्टरच्या एका इस्पितळात वारला, हे मला ग्रंथालयाच्या काउंटरवर कळलं. परत आलेल्या पुस्तकांमधल्या तारखेच्या चिठ्ठ्यांवर मी शिक्के मारत होते. फोन भाईच्या तिथल्या मित्राचा होता. त्याने सलाम केला, मीच बोलते आहे ना याची खात्री करून घेतली आणि मग सांगितलं. हातातल्या पुस्तकावर मी शिक्का मारला. तो सरळ पडला होता. पुढे कितीतरी दिवसांनी मी ते पुस्तक काढून पाहिलं, तेव्हा दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला.

"बाजी, एक अडचण आहे. मय्यत देत नाहीयेत."

"का?"

"इथल्या कागदावर भाईंची बायको आहे. दफनाची परवानगी पहिली तिची लागते. तिची सही आणा म्हणतात."

"ती बायको नाही. तलाक होऊन सात वर्षं झाली. साक्षीदार म्हणून तुमचीच सही आहे त्यावर."

"मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे. खिडकीतल्या बाईला ठाऊक नाही ना."

मला त्याच्या बोलण्याचा संशय आला. दुःखात माणूस सगळ्यांवरच संशय घेतो असं म्हणतात, पण माझा स्वभाव आधीपासूनच तसा आहे. हा माणूस एवढ्या सराईतपणे कसा बोलतो? यानेच काही कागद दाबून ठेवले नसतील ना? मी त्याला म्हटलं, इथल्या जमातीचा दाखला पाठवते, तो दाखवा.

आम्ही कोकणी मुसलमान. घरात मराठीच बोलतो, थोडी वाकडी. आमच्या गावच्या लोकांची मुंबईत जमात आहे, साकीनाक्याला एका गिरणीच्या वर दोन खोल्यांत. लग्न, तलाक, मौत, सगळं तिथल्या रजिस्टरात उतरतं. तलाक फोनवर किंवा मेसेजवर आलेला आमची जमात घेत नाही. सहीचा कागद लागतो, दोन साक्षीदार लागतात. तो कागद जमातीच्या दोन माणसांसमोर बाईला वाचून दाखवायचा, सासरच्या एकाने 'कागद हिच्या हातात दिला' अशी सही करायची आणि मग नोंद करायची. भाईने म्हणूनच पत्र पाठवलं होतं. एकदाच लिहिलेला तलाक होता. एका दमात तीनदा म्हटलेला तलाक आपल्याकडे आता गुन्हा आहे. हा तसला नव्हता. एकदा लिहायचा, तीन महिने वाट पाहायची. त्या तीन महिन्यांना इद्दत म्हणतात. तेवढ्यात नवऱ्याने परत घेतला तर लग्न तसंच राहतं, नाही घेतला तर मोडतं. भाईने परत घेतला नाही. इथल्या हिशोबाने सगळं नीट होतं.

जमातीच्या सेक्रेटरी चाचांनी रजिस्टर काढलं, दाखला लिहिला, शिक्का मारला.

"आमच्या दाखल्यावर दुबईत लोकांनी दुसरी लग्नं केलीत," ते म्हणाले, "आणि इंग्लंडला चालत नाही? राणी गेली तरी नखरे गेले नाहीत."

मग चष्मा वर करून त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. "कागद हातात दिला म्हणून खाली सही आहे, ती तुझीच ना?"

"माझीच."

"पत्रावरच्या तारखेत आणि या तारखेत बरंच अंतर आहे गं."

"पोस्ट," मी म्हटलं.

"पोस्ट," ते म्हणाले आणि रजिस्टर मिटलं.

दाखल्याचा फोटो मी पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं. कागद खरा आहे याबद्दल त्यांना शंका नाही, पण माणूस तिथे राहत होता, त्याने तलाक तिथे बसून लिहिला, आणि तिथे राहणाऱ्याने तिथल्या कोर्टाबाहेर दिलेला तलाक ते मोजत नाहीत. कागद मुंबईला पोस्ट केला म्हणून तो मुंबईचा होत नाही. हाच शब्द भाई आमच्या मरोळच्या घरात बसून, इथे राहत असताना बोलला असता तर कदाचित वेगळं झालं असतं. मी ग्रंथालयातली कायद्याची दोन पुस्तकं काढून वाचली. मित्र खोटं बोलत नव्हता.

भाईची चूक आमच्यातल्या कुणीही केली असती. निकाह मुंबईला झाला, मग तो तोडायला परक्या देशाच्या कोर्टात कशाला जायचं, असं त्याला वाटलं असणार. दाराची कडी आतून लावली होती, आतूनच काढली, इतकं सोपं. तिथे त्याने बायकोच्या व्हिसासाठी एकदा निकाहनामा दिला होता. तो तिथल्या कागदांत राहिला. मग सात वर्षं तो एकटा राहिला, आणि प्रत्येक फॉर्मवर बहुतेक आळसाने तेच नाव लिहीत गेला.

म्हणजे इथे ती परकी होती आणि तिथे त्याची पत्नी. आणि माझा भाऊ मधल्या मध्ये शवागाराच्या एका थंड खणात पडून होता. आमच्यात मय्यत एक रात्रसुद्धा ठेवत नाहीत. त्याला तीन झाल्या होत्या.

*

भाभी मानखुर्दला राहते. तलाकनंतर ती तिच्या भावाकडे गेली होती, मग भाड्याने खोली घेतली. घाटकोपरला एका रक्ततपासणीच्या सेंटरमध्ये ती रक्त काढते. एवढं मला इतरांकडून कळत असे. सात वर्षांत आम्ही दोनदा भेटलो होतो, दोन्ही वेळा लग्नात, आणि दोन्ही वेळा जेवण कसं होतं यावरच बोललो होतो.

रिक्षात बसल्यापासून मी मनात तिची बाजू मांडत होते, म्हणजे तिच्याविरुद्धची. ती काय मागेल? मरोळची खोली अम्मीनंतर भाईच्या आणि माझ्या नावावर झाली होती. तिला कळेल की ती तिथे अजून बायको आहे; मग ती म्हणेल, इथेही आहे, मी विधवा, माझा हिस्सा द्या. कदाचित तिला हे आधीपासून ठाऊक असेल. तलाकच्या दिवशी ती रडली नव्हती, भांडली नव्हती, पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवून निघून गेली होती. इतकं शांत कोण असतं? ज्याला वाट पाहायची असते तो.

तिसऱ्या मजल्यावर तिच्या दाराबाहेर पुरुषाच्या चपला होत्या. मोठ्या, चामड्याच्या. मी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असावं, कारण दार उघडं होतं आणि ती आतून म्हणाली,

"विचार की, कुणाच्या आहेत."

"मी कुठे काय म्हटलं?"

"घरमालकाच्या जुन्या आहेत. मागून घेतल्या. एकटी बाई राहते हे दारावरून कळू नये म्हणून." मग ती थांबली. "पुढच्या महिन्यात खऱ्या येतील. माझा निकाह ठरलाय. ये, बस."

मी बसले. काय बोलावं हे ठरवून आले होते, त्यातलं काहीच उपयोगाचं राहिलं नाही.

भाई गेल्याचं तिला कळलं होतं. तिने चहा केला. तो करताना तिची पाठ माझ्याकडे होती, आणि गॅस बंद केल्यावरही ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मी सगळं सांगितलं: खण, खिडकीतली बाई, दाखला, सही. फॉर्म माझ्या फोनमध्ये आला होता तो दाखवला. तिने तो बोटाने मोठा करून वाचला.

"इथे नातं लिहायचंय. पत्नी."

"हो."

"वा. पासपोर्टमधून त्याचं नाव काढायला गेले, तर म्हणाले जमातीचा कागद नको, कोर्टाचा आण. म्हणजे पासपोर्टात मी बायको. जमातीत नाही. बँकेत सिंगल लिहिलंय, ते त्या पोरीने विचारलंच नाही, तोंड बघून टाकलं. आता इंग्लंडला परत बायको. मी एकटीच आहे गं, पण किती जणी आहे बघ."

मी हसले नाही. ती हसली.

"सही करशील ना?" मी विचारलं.

"आणि उद्या यांच्या घरचे म्हणाले, अगं तू तर मेलेल्याची बायको म्हणून सही करून आलीस, तू विधवा, चार महिने दहा दिवस घरात बस, मग बघू. तर?"

नवरा मेलेल्या बाईची इद्दत तेवढी असते. मी म्हटलं, इथे तर तलाक झालेलाच आहे, चाचा लिहून देतील.

"झालाय?" ती म्हणाली. "तुला नक्की माहीत आहे?"

"रजिस्टरात आहे."

"रजिस्टरात तू सही केलेली तारीख आहे." तिने कप खाली ठेवला. "पाकीट कुठाय बाय?"

ती मला पहिल्यापासून बाय म्हणायची. मी तिच्या लग्नात कॉलेजात होते. सात वर्षांनी तो शब्द ऐकून मला बरं वाटलं आणि लगेच भीती वाटली.

"कसलं पाकीट?"

"पत्र दिलंस, पाकीट दिलं नाहीस. फाटलं म्हणालीस. तू! साबणाचं वेष्टणसुद्धा इस्त्री करून ठेवणारी तू. अख्ख्या घरातल्या पुस्तकांना तुझी कव्हरं, कुठे कॅलेंडरचं, कुठे साडीच्या बॉक्सचं. आणि फॉरेनचं जाड पाकीट फाटलं म्हणून फेकलंस?"

मी कपातली साय बोटाने बाजूला केली.

"त्या पत्राला पोस्टाचा वास नव्हता. डांबरगोळीचा होता. ते कपाटातून आलं होतं. मला तेव्हाच कळलं. पण तेव्हा मी कुणाची कोण होते, विचारायला?"

मग तिला काय हवं होतं ते तिने सांगितलं. ते मी धरून चाललेल्या कुठल्याच गोष्टीसारखं नव्हतं. पत्रावर लिहिल्याची तारीख होती. तिच्या हातात ते पाच आठवड्यांनी पडलं. त्या मधल्या रविवारी संध्याकाळी भाईचे नेहमीसारखे फोन येत होते. अम्मीशी बोलून झालं की तो तिच्याशी बोलायचा. चांगला बोलायचा. एका रविवारी तर तो म्हणाला, पासपोर्ट साइजचे फोटो काढून ठेव, व्हिसाचं पुन्हा बघतो.

"तलाक लिहून झाल्यावर फोटो मागितले," ती म्हणाली. "सात वर्षं मी हाच विचार करतेय. रागात लिहिला असेल, पोस्टात टाकला असेल, मग पस्तावला असेल. फोटो मागितले म्हणजे मनातून परतच घेतला ना? मग पत्र उशिरा पोचलं आणि त्याला तोंड दाखवायला लाज वाटली. असं असेल, तर इद्दतीच्या आतच त्याने मला परत घेतलं होतं. तर मी तलाकवाली नाही. आज विधवा आहे. आधी दोन स्थळं आली, मी नाही म्हटलं, का ते कुणाला सांगितलं नाही. आताचं हे... माणूस बरा आहे. पण एकाची असताना दुसऱ्याशी निकाह करणार नाही मी. इंग्लंडवाले काय मानतात, चाचा काय मानतात, ते जाऊ दे. मला कळायला पाहिजे."

"मी काय करू?"

"पाकीट आण. पत्र घरात कधी आलं ते मला बघायचंय. आणि त्या दिवसांत तो तुझ्याशी काय बोलला ते सांग. खरं. मग सही करते."

"आणि नाही आणलं तर?"

"तर तुझा भाऊ तिथे, तू इथे," ती म्हणाली. मग तिने डोळे मिटले. "नाही गं. करीन सही. पण मग मला इद्दतीला बसावं लागेल, आणि ही माणसं चार महिने थांबणार नाहीत. तुझ्यावर आहे."

*

पाकीट कुठे होतं ते मला ठाऊक होतं. एका जाड शब्दकोशाच्या कव्हराच्या आत, पुठ्ठा आणि कागद यांच्या मधे.

ते एका मंगळवारी आलं होतं. मी घरी होते, भाभी अम्मीला आंघोळ घालत होती. अम्मीला अर्धांगवायू होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पाकिटावर भाभीचं नाव होतं. मी ते उघडलं. दुसऱ्याचं पत्र मी आयुष्यात कधी उघडलं नव्हतं, पण भाई रजिस्टर पत्र पाठवतो म्हणजे काहीतरी विपरीत आहे, असा मला संशय आला आणि तो खरा ठरला. मोरीतून दोघींचा आवाज येत होता. अम्मी काहीतरी अस्पष्ट म्हणाली आणि भाभी म्हणाली, "हां हां, तुमचं राज्य आहे, अजून एक तांब्या घ्या." मी पत्र परत पाकिटात घातलं आणि कपाटातल्या पुस्तकांमागे ठेवलं.

त्या दिवसापासून मी स्वतःला सांगत आले की मी वाट पाहत होते. भाईचा राग उतरेल, तो तलाक परत घेईल, मग पत्र दाखवायची गरजच पडणार नाही. हे खोटं नाही. पण त्या महिन्यात ग्रंथालयाची वार्षिक मोजणी होती, मला रजा मिळणार नव्हती, आणि अम्मीला उचलायला दोन हात लागायचे ते माझे नव्हते. हेही खोटं नाही. यातलं कुठलं आधी मनात आलं, ते मला आजही ठरवता येत नाही. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर कुठलं आधी आलं असेल याबद्दल मला जराही शंका वाटली नसती.

ग्रंथालयात पुस्तक बाहेर गेलं की चिठ्ठीवर तारीख पडते. ती सवय हाताला असते. भाई रविवारी दुपारी, मी दळण आणायला बाहेर पडले की, माझ्या फोनवर फोन करायचा. काय बोलणं झालं ते मी घरी येऊन पाकिटाच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवायची. का लिहायची? वेळेवर परत न केलेल्या वस्तूची नोंद राहावी म्हणून असेल. कव्हर उसवून मी पाकीट बाहेर काढलं. पुढे दोन शिक्के होते, एक तिकडचा, एक इथला. मागे माझं अक्षर, फिकट झालेलं, पण वाचता येण्यासारखं. चार ओळी, प्रत्येकीपुढे तारीख.

रविवार. पत्र पोचले का विचारले. नाही म्हटले.

रविवार. पुन्हा विचारले. नाही म्हटले.

रविवार. विचारले. तिला अजून काही बोलू नकोस, पत्र मिळेपर्यंत अम्मीचं नीट चालू दे, म्हणाला.

रविवार. दुसरे पाठवतो म्हणाला.

चौथ्या रविवारनंतरच्या सोमवारी मी पत्र तिला दिलं. सत्तावीस दिवस झाले होते.

टेबलावर खोडरबर होतं. ते मी हातात घेतलं, हे लिहून टाकलेलं बरं. खोडलं तर तारखांचे शिक्के तेवढे राहतील. माझी लबाडी कळेल, पण भाईची नाही. तो तिच्या मनात पस्तावलेला राहील. मेलेल्या भावासाठी एवढं करायला काय हरकत आहे? पण मग ती विधवा होईल, तिचा निकाह मोडेल. आणि खोलीत तिचा हिस्सा येईल. म्हणजे न खोडण्यातही माझाच फायदा होता. खरं सांगितलं तर मी खोलीसाठी सांगितलं असं होणार, आणि खोटं सांगितलं तर तिचं आयुष्य पुन्हा कपाटात ठेवल्यासारखं होणार.  स्वतःवर विश्वास ठेवायला मला काहीच सापडलं नाही. तेव्हा मी खोडरबर ड्रॉवरमध्ये टाकलं आणि भाभीला मेसेज केला: पाकीट सापडलं. खरं तर ते हरवलंच नव्हतं.

*

साकीनाक्याला जमातीच्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे आम्ही भेटलो. फॉर्मची प्रिंट काढायची, सही करायची, पासपोर्टसह स्कॅन करून पाठवायचं. बाजूच्या गाळ्यात लेथ मशीन चालू होतं, त्यामुळे दुकानदार सगळं दोनदा विचारत होता.

भाभी कामावरून जेवणाच्या सुट्टीत आली होती. तिने आधी पाकिटाची पुढची बाजू पाहिली. इथल्या शिक्क्यावरची तारीख वाचली आणि बोटांवर मोजलं.

"सत्तावीस."

"हो."

"सत्तावीस दिवस मी तुझ्या आईला उचलत होते, आणि तुझ्या कपाटात माझा तलाक होता."

"हो."

"तुझी कोण म्हणून?"

 उत्तरासाठी न थांबता तिने पाकीट उलटलं. पेन्सिलीचं अक्षर दिसावं म्हणून ती दुकानाच्या पायरीवर उजेडात गेली. तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"फोटो याच रविवारी मागितले होते," ती म्हणाली. "संध्याकाळी."

"मला दुपारी फोन आला होता."

"म्हणजे दुपारी तुला म्हणाला, अम्मीचं नीट चालू दे. आणि संध्याकाळी मला म्हणाला, फोटो काढ."

"हो."

ती पायरीवर उभी राहिली. एक टेम्पो मागे घेत होता. तिने न बघताच बाजूला होऊन त्याला जागा दिली.

"मी ते काढले होते," ती म्हणाली. "मरोळ नाक्यावरच्या त्या स्टुडिओत. ओढणी नीट करा म्हणाला तो. अजून आहेत माझ्याकडे, आठ." मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "हे तू खोलीसाठी तर दाखवत नाहीस ना मला?"

"मलाही तोच संशय आला होता," मी म्हटलं.

"स्वतःचा?"

"हो."

तिने पुन्हा अक्षराकडे पाहिलं. पेन्सिलीवर नख फिरवून पाहिलं. शिसं पुसट झालं होतं, कागदात बसलं होतं. रक्ताच्या बाटल्यांवर रोज तारखा लिहिणारी बाई आहे ती. जुनं आणि ताजं तिला कळतं.

"नाही," ती म्हणाली. "हे जुनं आहे. बरं झालं दाखवलंस. नाहीतर मी सही करून इद्दतीला बसले असते, याच्यासाठी."

दुकानदाराने आतून विचारलं, "मॅडम, नातं काय लिहू? इथे रिकामं आहे."

मला वाटलं, आता ती निघून जाईल. आणि ती गेली असती तर मी तिला अडवलं नसतं. भाईला थंड खणात पाचवा दिवस होता.

"पत्नी लिहा," ती म्हणाली.

"काय?"

"पत्नी! वाइफ!" लेथच्या आवाजात ऐकू जावं म्हणून ती ओरडली. पेन घेतलं आणि सही केली, लग्नाआधीची, पूर्ण नावाची. मग मला म्हणाली, "तिकडची म्हणून करतेय हां. त्यांना पाहिजे तर त्यांना देते. इकडची मी नाही, आता नक्की नाही. चल, पाठव लवकर. पाच दिवस झाले, माणूस कसाही असला तरी त्याला मातीत जायचंय."

फॉर्म गेला. दुकानदाराने तीन झेरॉक्स जास्तीच्या काढल्या होत्या, त्या तिने मोजून फाडल्या. पाकीट मात्र तिने पर्समध्ये ठेवलं.

"हे मला हवंय."

"कुणाला दाखवणार?"

"कुणाला नाही. यांनी विचारलं तर दाखवीन. नाही विचारलं तर नाही."

वर जमातीच्या खोलीत जाऊन मी चाचांना रजिस्टर मागितलं. माझ्या जुन्या सहीच्या बाजूला, पत्र घरात खरं कधी आलं ती तारीख लिहिली, आणि आधी का सांगितली नव्हती ते एका ओळीत लिहिलं. चाचांनी वाचलं.  शिक्का मारायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "हे तरी खरं आहे ना?" मला तो प्रश्न योग्यच वाटला.

शुक्रवारी भाईचं दफन झालं. मित्राने व्हिडिओ कॉल लावला होता. हिरवळ, ओली माती, जाकिटं घातलेली सात-आठ माणसं. ज्या मित्रावर मी पहिल्या दिवशी संशय घेतला होता, तोच कबरीत उतरला आणि त्याने भाईला आत घेतलं. तिथल्या दफनभूमीच्या कागदावर अर्जदार म्हणून भाभीचं नाव आहे, पत्नी. मी भाईसाठी रडले. अजूनही रडते. त्याचं आणि माझं अक्षर सारखं होतं, हे आता कुणाला सांगणार.

त्याचा चाळिसावा दिवस होऊन गेला. भाभीचा निकाह त्याच्या आधीच्या रविवारी होता. दोन दिवस आधी तिचा फोन आला.

"बाय, रविवारी ये."

"मी?"

"साक्षीला नको. जेवायला ये."

मी गेले. दाराबाहेर बऱ्याच चपला होत्या. घरमालकाच्या जुन्या त्यांत दिसतात का, म्हणून मी बघत राहिले. त्या नव्हत्या.